जीडीडीआर७ असूनही तो लॅपटॉप का घेतला नाही: एका निवडीचं प्रकरण

पार्श्वभूमी

मधुरा (नाव बदललं आहे) ही माझ्या मित्राची धाकटी बहीण. डिझाइनच्या तिसऱ्या वर्षाला आहे. दिवसभर ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये मॉडेल्स करते आणि रात्री गेम खेळते. तिचा जुना लॅपटॉप जीटीएक्स १६५० या ग्राफिक्स चिपचा होता, ४ जीबी ग्राफिक्स मेमरीचा. नवा कुठलाही गेम लावला की आधी भिंती आणि चेहरे चिखल फासल्यासारखे दिसायचे आणि दोन-तीन सेकंदांनी त्यांच्यावरचं बारीक काम उमटायचं. कधी कधी ते उमटायचंच नाही.

नवा लॅपटॉप घ्यायचं ठरलं तेव्हा घरच्यांनी रकमेची मर्यादा सांगून टाकली होती आणि ती हलणार नव्हती. पुढची चार वर्षं तरी दुसरा लॅपटॉप मिळणार नाही, हेही ठरलेलं होतं. मला मदतीला बोलावलं तोवर तिने चार लॅपटॉप निवडून वहीत तक्ता केला होता. त्यातल्या एका रकान्याखाली लाल शाईने दोन रेघा मारल्या होत्या. तो रकाना होता ‘मेमरीचा प्रकार’.

तिच्या डोक्यात हे का बसलं, ते समजून घ्यायला हवं, कारण ती चुकीच्या ऐकीव माहितीवर बोलत नव्हती. तिच्या वर्गमैत्रिणीकडेही जीटीएक्स १६५० चाच लॅपटॉप होता. नाव तेच, मेमरी तितकीच, ४ जीबी. तरी तोच गेम मैत्रिणीकडे बरा चालायचा. फरक असा होता की मधुराच्या लॅपटॉपमध्ये जीडीडीआर५ या जुन्या प्रकारची ग्राफिक्स मेमरी होती आणि मैत्रिणीच्या लॅपटॉपमध्ये जीडीडीआर६ या नव्या. ही चिप २०१९ मध्ये जीडीडीआर५ सह आली आणि २०२० मध्ये त्याच नावाने जीडीडीआर६ ची आवृत्ती निघाली. मेमरीची बस, म्हणजे मेमरी आणि चिप यांच्यातली माहितीची वाट, दोन्हीकडे १२८ बिटची. पहिल्या आवृत्तीत सेकंदाला १२८ जीबी माहिती ये-जा करते, दुसरीत १९२ जीबी. म्हणजे थेट दीडपट. मधुराने यावरून काढलेला निष्कर्ष त्या दोन लॅपटॉपपुरता अगदी बरोबर होता.

अडचण

तिच्या तक्त्यातले चार लॅपटॉप असे होते. पहिला पातळ आणि देखणा, आरटीएक्स ५०५० चा, ८ जीबी जीडीडीआर७. दुसरा जाडजूड, आरटीएक्स ४०६० चा, ८ जीबी जीडीडीआर६. तिसरा तिच्या एका सिनियरचा वापरलेला, आरटीएक्स ३०६० चा, ६ जीबी जीडीडीआर६. चौथ्यात वेगळी ग्राफिक्स चिपच नव्हती, प्रोसेसरमधलेच ग्राफिक्स होते, पण माहितीपत्रकावर ठळक अक्षरांत ‘१६ जीबी ग्राफिक्स मेमरी’ लिहिलेलं होतं.

‘दादा, सात असताना सहा कशाला घ्यायचा? आणि हा चौथा तर सोळा जीबी देतोय!’ हा तिचा पहिला प्रश्न.

त्या तक्त्यात मी ‘बसची रुंदी’ हा एक रकाना वाढवला आणि घोळ आणखी वाढला. मेमरीच्या प्रकारात आरटीएक्स ५०५० पहिला येत होता. आकड्यात चौथा लॅपटॉप पहिला. बसच्या रुंदीत सिनियरचा जुना लॅपटॉप पहिला, कारण त्याची बस १९२ बिटची. आरटीएक्स ४०६० वाला लॅपटॉप एकाही रकान्यात पहिला येत नव्हता. शेवटी घेतला मात्र तोच.

मेमरीचा हिशेब

मेमरीचा प्रकार म्हणजे एका गुणाकारातली एकच संख्या. दर पिनमागे, म्हणजे दर तारेमागे, सेकंदाला किती गिगाबिट जातात हे बरंचसं प्रकारावर ठरतं. त्याला बसच्या रुंदीने गुणायचं आणि आठने भागायचं, की सेकंदाला किती जीबी ते कळतं. प्रकार म्हणजे रस्त्यावरचा वेग आणि बस म्हणजे रस्त्याची रुंदी, असं मी तिला सांगितलं. नुसता वेग कळून किती माल पोचला ते कळत नाही.

आरटीएक्स ४०६० लॅपटॉप चिपची बस १२८ बिटची आणि वेग १६ गिगाबिट, म्हणजे सेकंदाला २५६ जीबी. आरटीएक्स ३०६० लॅपटॉप चिपची बस १९२ बिटची आणि वेग १४ गिगाबिट, म्हणजे ३३६ जीबी. दोन्हींचा प्रकार एकच, जीडीडीआर६. जुनीचा वेग कमी, पण माल जास्त. आरटीएक्स ५०५० ची बस १२८ बिटची. तिच्या जीडीडीआर७ चा वेग २४ गिगाबिट धरला तर उत्तर ३८४ जीबी येतं. इथवर मधुराचंच म्हणणं खरं ठरत होतं.

जीडीडीआर७ खरोखर चांगली मेमरी आहे, हे सांगायलाच हवं. तिचं मानक मेमरीची मानकं ठरवणाऱ्या जेडेक या संस्थेने मार्च २०२४ मध्ये जाहीर केलं. जीडीडीआर६ मध्ये तारेवर दोनच पातळ्या असतात, शून्य आणि एक. जीडीडीआर७ मध्ये तीन पातळ्या असतात, त्यामुळे दोन ठोक्यांत तीन बिट जातात. व्होल्टेजही १.३५ वरून १.२ वर आलं आहे. त्यामुळे एक बिट पाठवायला कमी वीज लागते, आणि पातळ लॅपटॉपला तर ते वरदानच. दोन लॅपटॉप बाकी सर्व बाबतींत सारखे असते तर मी डोळे मिटून जीडीडीआर७ वाला घे म्हटलं असतं. पण ते सारखे नव्हते.

चौथ्या लॅपटॉपच्या १६ जीबीचा उलगडा मात्र लगेच झाला. त्यात एकूण ३२ जीबी रॅम होती आणि विंडोज त्यातली निम्मी रॅम गरज पडल्यास ग्राफिक्सला वापरू देतं. त्या निम्म्यालाच पत्रकात ‘ग्राफिक्स मेमरी’ म्हटलं होतं. ती एलपीडीडीआर५एक्स (कमी विजेवर चालणारी रॅम) होती, १२८ बिट आणि ७.५ गिगाबिट, म्हणजे सेकंदाला १२० जीबी. त्यातही प्रोसेसर वाटेकरी. मधुराच्या जुन्या जीडीडीआर५ पेक्षाही हे कमी. पत्रकात लिहिलेलं खोटं नव्हतं, पण विद्यार्थ्याच्या हाती असं पत्रक देणं मला बरोबर वाटत नाही. आयुष्यातला पहिला मोठा खर्च करणाऱ्या मुलीला तो सोळाचा आकडा कशाचा आहे हे एका ओळीत सांगता आलं असतं.

इथे मधुरा म्हणाली, ‘म्हणजे एलपीडीडीआर दिसली की सोडून द्यायचं.’ मी तिला थांबवलं. एएमडीच्या रायझेन एआय मॅक्स मालिकेतल्या वरच्या चिप्समध्ये हीच एलपीडीडीआर५एक्स २५६ बिटच्या बसवर ८ गिगाबिटने धावते. गुणाकार केला तर सेकंदाला २५६ जीबी, म्हणजे आरटीएक्स ४०६० लॅपटॉप चिपच्या जीडीडीआर६ इतकेच. एका नावाचा हट्ट सोडून दुसऱ्या नावाचा धरायचा, यात काही हशील नव्हतं.

पहिला निर्णय: जुना लॅपटॉप

आता सिनियरचा आरटीएक्स ३०६०. सेकंदाला ३३६ जीबी आणि खर्च सर्वात कमी. माझा स्वतःचा कल काही काळ तिकडेच होता, हे कबूल करतो. सिनियरने तो एका संध्याकाळसाठी वापरून बघायला दिला आणि मधुराने त्यावर तिचा खुल्या जगाचा आवडता गेम चढवला. शेजारी टास्क मॅनेजर उघडून ठेवला. त्यातल्या ‘परफॉर्मन्स’ या भागात ग्राफिक्स चिप निवडली की खाली दोन आलेख दिसतात, एक समर्पित (ग्राफिक्स चिपच्या स्वतःच्या) मेमरीचा, दुसरा सामायिक (साध्या रॅममधून उसन्या घेतलेल्या) मेमरीचा.

गावाबाहेरच्या माळावर सगळं सुरळीत होतं. पात्र घोड्यावरून बाजारात शिरलं आणि समर्पित मेमरीची रेघ ५.८ वर जाऊन सपाट झाली. त्याच क्षणी खालची, सामायिक मेमरीची रेघ वर चढू लागली. पडद्यावर घोडा एका दुकानापासून दुसऱ्या दुकानापर्यंत पळत न जाता उड्या मारत गेला. मधुराने माउस सोडला आणि त्या दोन रेघांकडे बघत राहिली. ‘दादा, माझ्या जुन्या लॅपटॉपचं नेमकं हेच होतं ना?’

हेच होतं. समर्पित मेमरी भरली की उरलेला माल साध्या रॅममध्ये ठेवावा लागतो आणि तिथून तो पीसीआय एक्सप्रेसच्या, म्हणजे ग्राफिक्स चिपला बाकी संगणकाशी जोडणाऱ्या, वाटेने आणावा लागतो. ही वाट चौथ्या पिढीच्या आठ लेनची असेल तर एका दिशेने सेकंदाला साधारण १६ जीबी, सोळा लेनची असेल तर दुप्पट. एकीकडे ३३६ आणि दुसरीकडे हे. मेमरी जीडीडीआर६ असो की ७, ती एकदा भरली की पुढचा वेग या अरुंद वाटेवर ठरतो.

ती कशाने भरते याबद्दलही बऱ्याच जणांचा गैरसमज असतो. पडद्यावरच्या चित्राने ती फारशी भरत नाही. २५६० गुणिले १६०० चा एक पडदा पिक्सेलमागे चार बाइट धरले तर जेमतेम १६ एमबी. ४०९६ गुणिले ४०९६ चं एक टेक्स्चर (वस्तूच्या पृष्ठभागावर चढवलेलं चित्र) मात्र दाबून साठवलं तरी १६ एमबीच्या आसपास जातं, न दाबता ६४. बाजारातली प्रत्येक भिंत, कापड आणि चेहरा मिळून अशी शेकडो टेक्स्चर्स असतात.

त्या संध्याकाळी जुना लॅपटॉप यादीतून गेला. चार वर्षं वापरायच्या यंत्रात ६ जीबी घ्यायचे नाहीत हे नक्की झालं. मेमरी चिपशेजारी बोर्डावरच डकवलेली असते, त्यामुळे नंतर वाढवता येत नाही. शिवाय सेकंदाला ३३६ जीबी असूनही ही चिप आरटीएक्स ४०६० च्या मागेच पडते, त्याचं एक कारण म्हणजे पुढच्या पिढीत चिपमधली कॅश (चिपच्या आतली छोटी, वेगवान मेमरी) खूप वाढवली गेली. डेस्कटॉपमधलं उदाहरण घ्यायचं तर आरटीएक्स ३०६० टीआय मध्ये ४ एमबी एल२ कॅश होती, आरटीएक्स ४०६० टीआय मध्ये ३२ एमबी आहे. वारंवार लागणारा माल चिपमध्येच सापडला तर मेमरीपर्यंत फेरी मारायची वेळ कमी येते.

दुसरा निर्णय: सात की सहा

उरले दोन. आठ जीबी दोघांतही आणि बसही तितकीच रुंद. मेमरी पातळ लॅपटॉपची सरस. तरीही मी मधुराला दोन गोष्टी बघायला सांगितल्या, ज्या तिच्या तक्त्यात नव्हत्या.

एक, चिप स्वतः केवढी आहे. आरटीएक्स ४०६० लॅपटॉप चिपमध्ये ३०७२ कूडा कोअर (आकडेमोड करणारे छोटे भाग) आहेत, आरटीएक्स ५०५० मध्ये २५६०. नव्या पिढीच्या लहान चिपला नवी मेमरी दिली होती. गंमत म्हणजे याच आरटीएक्स ५०५० च्या डेस्कटॉप कार्डाला जीडीडीआर६ आहे आणि लॅपटॉपला जीडीडीआर७. त्या प्रकारावरून चिपचा दर्जा ठरला असता तर कंपनीने असं केलंच नसतं. लॅपटॉपमध्ये विजेची बचत जास्त मोलाची, हे कारण मला तरी पटतं.

दोन, वीज. लॅपटॉपमधल्या ग्राफिक्स चिपला किती वॅट मिळणार हे लॅपटॉप बनवणारा ठरवतो आणि मोठा गोंधळ इथेच होतो. आरटीएक्स ४०६० लॅपटॉप चिप ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कुठेही बसवता येते. एकाच नावाचे दोन लॅपटॉप दोन निराळ्या वर्गांतले असू शकतात. पत्रकावर ‘जीडीडीआर७’ ठळक होतं, वॅट कुठेच नव्हते.

ते आम्ही दोन्ही यंत्रं प्रत्यक्ष हाताळायला मिळाली तेव्हा शोधले. एनव्हीडियाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ ही छोटी खिडकी आहे. तिच्यात मेमरीचा प्रकार, बसची रुंदी, सेकंदाला किती जीबी, समर्पित किती, सामायिक किती, हे सगळं एकाखाली एक दिसतं. कमाल ग्राफिक्स पॉवरही तिथेच. मधुराने दोन्ही खिडक्यांचे फोटो काढले. जाड लॅपटॉपवर लिहिलं होतं १४० वॅट, म्हणजे ११५ आणि वर २५ ची जादा मुभा. पातळ लॅपटॉपवर ६५.

हाच खरा निर्णयाचा क्षण होता. मेमरी कितीही वेगाने माल आणून देवो, तो हाताळणाऱ्या चिपला वीजच कमी असेल तर माल दारात पडून राहतो. पातळ लॅपटॉपमध्ये हीच आरटीएक्स ५०५० शंभर वॅटची असती तर निवड खूप अवघड झाली असती आणि बहुधा मी तोच घे म्हणालो असतो. ६५ वॅटला नाही.

मधुराचं मन मात्र पातळ लॅपटॉपवर होतं. रोज पाठीवर वागवायचा होता आणि जाड लॅपटॉपचा चार्जरच विटेएवढा. तिने घरी बॅगेत दोन जाड पुस्तकं आणि पाण्याची भरलेली बाटली घालून दोन दिवस तसाच प्रवास केला आणि मग हो म्हणाली. ही युक्ती तिची, आणि मला फार आवडली.

काय केलं

आरटीएक्स ४०६० वाला लॅपटॉप घेतला. पहिल्याच आठवड्यात एक चूक उघडी पडली, आणि ती माझी. सरासरी फ्रेम्स (सेकंदाला पडद्यावर येणारी चित्रं) छान होत्या, पण गर्दीच्या ठिकाणी गेम मधूनच ठेचकाळायचा. समर्पित मेमरी तर भरलेली नव्हती. शोधता शोधता कळलं की आत १६ जीबी रॅमची एकच पट्टी आहे. ग्राफिक्स मेमरीचा एवढा कीस पाडला आणि साध्या रॅमच्या पट्ट्या किती हे विचारायचं राहून गेलं.

एक पट्टी म्हणजे ६४ बिटची वाट. डीडीआर५-५६०० असेल तर सेकंदाला ४४.८ जीबी, दोन पट्ट्या असतील तर ८९.६. प्रोसेसरवर भार देणाऱ्या गेममध्ये हा फरक जाणवतो. शिवाय डीडीआर५ च्या एका पट्टीत ३२ बिटचे दोन उपमार्ग असतात, त्यामुळे काही प्रोग्रॅम एकाच पट्टीलाही ‘२ गुणिले ३२ बिट’ असं दाखवतात. तो ‘२’ पाहून मधुराला वाटलं होतं की दोन पट्ट्या आहेत. दुसरी १६ जीबीची पट्टी बसवली आणि ठेचकाळणं थांबलं.

निकाल

सहा महिने झाले. स्पर्धेचे नेमबाजीचे गेम जोरात चालतात. त्यांत टेक्स्चर खालच्या पातळीवर असतात, मेमरीचा प्रश्नच येत नाही. खुल्या जगाच्या गेममध्ये सगळ्यात वरच्या टेक्स्चरवर आठही जीबी भरतात आणि तीच सपाट रेघ पुन्हा दिसते. टेक्स्चर एक पायरी खाली आणलं की रेघ साडेसहाच्या आसपास राहते आणि डोळ्यांना फरक शोधावा लागतो. फ्रेम जनरेशन (मधल्या फ्रेम्स चिपने स्वतः तयार करणं) चालू केलं तर तेही थोडी मेमरी खातं, म्हणून या गेमपुरतं ती ते बंद ठेवते.

पंखे जोरात वाजतात. लायब्ररीत ती लॅपटॉप शांत मोडवर टाकते. बॅगेबद्दल तिने एकदाही तक्रार केलेली नाही.

पुन्हा निवड करायची झाली तर

रॅमच्या पट्ट्या किती हे आधी विचारेन. ते सोपं आहे.

पडद्याचा विचार मी घाईत केला. मधुराने २५६० गुणिले १६०० चा पडदा घेतला. १९२० गुणिले १२०० चाही मिळत होता. पहिल्यात सुमारे ४१ लाख पिक्सेल, दुसऱ्यात २३ लाख. डिझाइनच्या कामाला मोठा पडदा हवाच होता, त्यामुळे निवड चुकली असं मी म्हणणार नाही. पण चार वर्षांनी येणारे गेम याच चिपला एवढे पिक्सेल रंगवायला लावतील, तेव्हा हा प्रश्न पुन्हा निघेल. त्या वेळी आम्ही तो मांडलाच नव्हता.

बारा जीबीचा पर्याय मी पहिल्याच दिवशी मर्यादेबाहेरचा म्हणून बाजूला ठेवला. तो का महाग पडतो हे तरी तिला सांगायला हवं होतं. मेमरीची एक चिप ३२ बिटची वाट घेते आणि सहसा २ जीबीची असते. म्हणून १२८ बिटला चार चिप्स आणि ८ जीबी, १९२ बिटला सहा चिप्स आणि १२ जीबी. आरटीएक्स ५०७० टीआय लॅपटॉप चिपला १९२ बिट आणि १२ जीबी मिळतात ते याच हिशेबाने, आणि आरटीएक्स ५०७० ला नावात फक्त ‘टीआय’ नाही एवढाच फरक दिसत असला तरी १२८ बिट आणि ८ जीबीच मिळतात. हे कळलं असतं तर आणखी काही महिने थांबून पैसे साठवायचे का, हा निर्णय मधुराला स्वतः घेता आला असता. तो मी तिच्या वतीने घेऊन टाकला.

तिच्या अंतिम प्रकल्पातला ब्लेंडरचा सीन एका संपूर्ण इमारतीचा आहे आणि तो ८ जीबीत मावत नाही. सध्या ती मागच्या भिंतींची टेक्स्चर्स निम्म्या मापाची करून काम करते आणि शेवटचं रेंडर कॉलेजच्या संगणकावर टाकते.